जे नव्हतंच, त्याचा ऱ्हास कसला?

‘आमच्या वेळची कार्टून ती कार्टून. आता नुसता कचरा.’ चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा आठवडा हे बोलल्याशिवाय जात नाही. आमच्या कडोलीच्या स्टँडवर बेळगावच्या बसची वाट बघताना हे ऐकू येतं, निपाणीत लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं, आणि दिवाळी अंकांत त्यावर एखादा लेख ठरलेला असतो. पाठोपाठ नावांची माळ येते: मोगली, हीमॅन, डकटेल्स, टॉम अँड जेरी, आणि कार्टून नसला तरी शक्तिमान. मग सुस्कारा. आणि सुस्काऱ्यानंतर निकाल, की मुलांचा टीव्ही खालावला म्हणून मुलं खालावली.

मी याच वयाचा आहे, मोगली मीही बघितलाय, आणि हा निकाल मला साफ नामंजूर आहे. तो चुकीचा आहे हे तर झालंच. पण तो आपल्याला फार सोयीचा आहे, आणि माझा खरा राग त्या सोयीवर आहे.

आधी ती माळच तपासू. हीमॅन घ्या. अमेरिकेतल्या मॅटेल कंपनीनं १९८२ मध्ये त्याची खेळणी बाजारात आणली आणि ती खपावीत म्हणून १९८३ मध्ये मालिका निघाली. ज्याला आज आपण ‘चांगल्याचा वाईटावर विजय’ म्हणून डोक्यावर घेतो, ती अर्ध्या तासाची जाहिरात होती. कडोलीत ती खेळणी मिळत नव्हती, म्हणून आपल्याला ते कळलं नाही इतकंच. टॉम अँड जेरी १९४० मध्ये सुरू झालं ते सिनेमागृहात मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवण्यासाठी, सगळ्या वयाच्या प्रेक्षकांसमोर. त्यात मांजर सिगारेट ओढतं आणि दर मिनिटाला कुणाच्या तरी टाळक्यात काहीतरी बसतं. शक्तिमान १९९७ मध्ये आला तेव्हा त्याचं बघून मुलं उंचावरून उड्या मारतात म्हणून केवढी ओरड झाली होती! खुद्द शक्तिमानला पडद्यावर येऊन ‘असं करू नका’ म्हणून मुलांना सांगावं लागलं. तेव्हा आपले आईवडील टीव्हीला काय म्हणत होते ते आठवा. आज आपण मोबाईलला जे म्हणतो तेच, अक्षरशः तेच.

आणि ज्याला आज कचरा म्हणता, त्याचंही वय बघा. डोरेमॉन जपानी मासिकांत छापून आला १९६९ च्या अखेरीस. ज्या मालिकेमुळे तो जगभर गेला, ती १९७९ ची. म्हणजे आपल्या सोन्यासारख्या हीमॅनपेक्षा हा ‘आजकालचा’ डोरेमॉन मोठा. आपल्याकडे तो उशिरा, २००५ च्या सुमारास पोचला, म्हणून आपण त्याला नव्या पिढीच्या अधोगतीत जमा केलं. शिनचॅनवर तर २००८ मध्ये केंद्र सरकारनं बंदीच घातली होती, मुलं उर्मट होतात म्हणून. आता बेळगावात कॉलेजच्या कट्ट्यावर जाऊन बसा. विशी-पंचविशीतली पोरं त्याच डोरेमॉन-शिनचॅनच्या आठवणींनी हळवी झालेली दिसतील, आणि धाकट्या भावंडांबद्दल म्हणतील, ‘आत्ताची पोरं काय बी बघालेत बे.’ पंधरा वर्षांत कचऱ्याचं सोनं झालं. अजून पंधरा वर्षांनी मोटू-पतलूचंही होईल, तेव्हा कुणीतरी दिवाळी अंकात लिहीलच.

तेव्हाच्या कार्टूनांची गोडी मी नाकारत नाही. ती कुठून आली एवढंच विचारतो. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, अर्धा तास, एकच वाहिनी. त्यातही लाईट असली तर. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. कोंडा गोड लागला यात कोंड्याचा गुण काय होता? आणि ती रविवारची सकाळ सगळ्यांच्या वाट्याला आली असंही नाही. आमच्याकडे रताळी काढायचे दिवस असले की रविवार म्हणजे रानातला दिवस. टीव्ही गल्लीत एक-दोन घरांत, आणि त्या घराच्या सोप्यावर जाऊन बसायची मोकळीक मुलग्यांना. त्याच वेळी त्यांच्या बहिणी पाणी भरत होत्या, भांडी घासत होत्या. ‘आमच्या पिढीचं बालपण’ म्हणून जे मिरवलं जातं ते निम्म्याहून कमी पिढीचं आहे. माझ्या ओळखीच्या बायकांपैकी मोगलीच्या नावानं डोळे भरून येणारी मला तरी भेटलेली नाही.

हे सगळं मी एक वेळ सोडून देईन. आठवणींना हिशेब लावू नये, हेही मान्य. पण पुढचा मुद्दा सोडता येत नाही, निदान आम्हा सीमाभागातल्यांना तर नाहीच.

त्या माळेतलं एक तरी नाव मराठी आहे का?

मराठीत अगदीच काही नव्हतं असं नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तिथं मुलांसाठी ‘किलबिल’ होतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मालिकेत आला, सुमीत राघवननं तो केला. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आला. पण हे मोजायला एका हाताची बोटं पुरतात, आणि आमच्यापर्यंत तेही धड पोचलं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलो, आणि टीव्हीच्या लहरीही राज्याची सीमा पाळायच्या. कर्नाटकातल्या प्रक्षेपकांवरून दिल्लीचं राष्ट्रीय प्रसारण दिसायचं आणि प्रादेशिक वेळेत बंगळूरचं कन्नड. मराठी कानावर पडायची ती रेडिओवर, सांगली आकाशवाणीची. पडद्यावर गोट्या बघितलेला कडोलीकर भेटला, तर तो सुट्टीत कोल्हापूर किंवा पुण्याच्या मामाकडे गेलेला असणार. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आलं, आधी इंग्रजीत, १९९९ पासून हिंदीत. पुढचं सगळं हिंदीतच.

आणि म्हणून मी म्हणतो, ऱ्हास कसला? पडायला आधी इमला बांधलेला असावा लागतो. मराठीत मुलांचा टीव्ही असा कधी उभाच राहिला नाही. आपण जे हरवल्याचं दुःख करतो, ते आपलं कधी नव्हतंच.

याहून झोंबणारी गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे हे करणारी माणसं नव्हती असंही म्हणता येत नाही. फाळक्यांनी १९१५ मध्ये आगकाड्या एकेक चित्र घेत हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली होती. प्रभातनं तिसाच्या दशकात ‘जंबूकाका’ केला. आणि दूरदर्शनच्या पिढीला ज्याची सगळ्यांत घट्ट आठवण आहे, तो ‘एक अनेक और एकता’ बघा. १९७४ चा, फिल्म्स डिव्हिजनचा, पक्षी जाळ्यासकट उडून जातात तो. त्याच्या दिग्दर्शिका विजया मुळे. संगीत वसंत देसाईंचं. ते सावंतवाडीकडचे, म्हणजे आंबोलीचा घाट उतरलं की त्यांचा मुलूख. त्यातला लहान मुलीचा आवाज साधना सरगमचा, ती दाभोळची घाणेकर. दिग्दर्शिका मराठी, संगीतकार मराठी, गळा मराठी, आणि चित्रपट हिंदी. सरकारी चित्रपट देशभर जायचा होता, तेव्हा हिंदी असणं समजू शकतं. पण मोगलीतला शेरखान कोण बोलला होता? नाना पाटेकर. मुरुड-जंजिऱ्याचा माणूस जपानी वाघाला हिंदी बोलायला लावतो आणि ते ऐकून कडोलीचं मराठी पोर शहारतं. यात नानांचा दोष नाही आणि पोराचाही नाही. पण त्याच आवाजात तो वाघ मराठी बोलला असता तर, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. आजही येत नाही, हा माझा आक्षेप.

इथं हमखास उत्तर मिळतं ते बाजाराचं. मराठीत परवडत नाही म्हणे. बरं, आकडे बघू. २०११ च्या जनगणनेत मातृभाषा मराठी सांगणारे ८ कोटी ३० लाख, तेलुगू ८ कोटी ११ लाख, तमिळ ६ कोटी ९० लाख, कन्नड ४ कोटी ३७ लाख, मल्याळम ३ कोटी ४८ लाख. चेन्नईच्या सन समूहानं तमिळमध्ये २००७ ला मुलांची वाहिनी काढली, चुट्टी. तेलुगूत खुशी आणि कन्नडमध्ये चिंटू आली २००९ ला, मल्याळममध्ये कोचू २०११ ला. साडेतीन कोटींच्या मल्याळमला परवडलं, सव्वाआठ कोटींच्या मराठीला परवडत नाही! बरं, तोच समूह मराठीत आलाच नाही असंही नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये सन मराठी सुरू झाली. सासू-सुना आल्या, देवदेवता आले. मुलांची वाहिनी मात्र चेन्नईतच राहिली.

कन्नडचं उदाहरण आमच्या भागात दिलं की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. पडू देत. कन्नड सिनेमावाल्यांनी दुसऱ्या भाषांतलं काही कन्नडमध्ये डब करायला कित्येक दशकं अघोषित बंदी घातली होती. तिच्याविरुद्ध जे कन्नड प्रेक्षक उभे राहिले, त्यांचा एक मुद्दा मुलांचा होता. आमच्या मुलांना जगातलं ज्ञान आणि गमती आमच्या भाषेत का मिळू नयेत, असा. शेवटी २०१५ मध्ये स्पर्धा आयोगानं कर्नाटकच्या फिल्म चेंबरला दंड केला. आपल्या भाषेत कार्टून हवं म्हणून माणसं आपल्याच सिनेमावाल्यांशी भांडली. आपण कुणाशी भांडलो? आम्ही पाट्यांसाठी भांडतो, मराठी परिपत्रकांसाठी भांडतो, सातबाऱ्यासाठी भांडतो. भांडायलाच हवं, त्याबद्दल दुमत नाही. पण सहा वर्षांचं पोर पाटी वाचत नाही आणि परिपत्रक तर नाहीच नाही. ते दिवसाला दोन तास पडद्याकडे बघतं. ते दोन तास आपण लढाईशिवाय देऊन टाकले.

दूरवरचा एक दाखला देतो, कारण त्याची तारीख आमच्या लोकांना विसरता येणार नाही. ब्रिटनमध्ये वेल्श ही भाषा बोलणारे पाच-सहा लाख, म्हणजे बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्यासुद्धा त्याहून कितीतरी पट मोठी. त्यांना वेल्श वाहिनी देऊ म्हणून सांगून थॅचर सरकारनं शब्द फिरवला, तेव्हा १९८० मध्ये ग्विनफोर एव्हन्स या त्यांच्या नेत्यानं आमरण उपोषणाचा इशारा दिला. सरकार नमलं. वाहिनी सुरू झाली १ नोव्हेंबर १९८२ ला, ज्या तारखेला आम्ही काळा दिवस पाळतो. आणि त्या वाहिनीनं सुरुवातीलाच हाती घेतलेल्या कामांत होतं वेल्श बोलणारं एक कार्टून, सुपरटेड नावाचं अस्वल. ते इतकं जमलं की पुढे डिस्नेनं ते अमेरिकेत दाखवलं. उपोषणाचा इशारा देऊन मिळवलेल्या वाहिनीवर पहिल्यांदा काय ठेवायचं, हे त्या लोकांना बरोबर कळलं होतं.

मराठीत बाजार का उभा राहिला नाही, याचं खरं कारण आकड्यांत सापडायचं नाही. ते आपल्या त्या सुस्काऱ्यात आहे. मराठी मुलाला हिंदी कळतं, मराठी आईबापाला त्यात काही वावगं वाटत नाही, हे वाहिन्यांना फार आधी समजलं. वेगळा खर्च करायची गरजच काय? आणि याचा पुरावा मागितलात तर तो आपणच देतो, तीसेक वर्षांनी मोगलीचं हिंदी गाणं गुणगुणत आणि डोळे पुसत. गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजांची चाल, गाणं गोड आहेच. पण आपलं ते गुणगुणणं म्हणजे कंपन्यांसाठी पोचपावती आहे, की यांना हिंदीवर भागतं. अलीकडे काही हिंदी वाहिन्यांनी मराठी आवाजाचा पर्याय ठेवलाय. किती घरांत रिमोटवर तो लावला जातो? मी विचारून बघितलं तर बहुतेकांना असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं.

कुणी म्हणेल, डब केलेलं ते आपलं कसं? तसं असेल तर चांदोबाही आपला नव्हता. तो मद्रासला निघायचा, तेलुगू माणसं तो काढायची, चित्रं दक्षिणी, मंदिरं दक्षिणी. पण तो मराठी बोलला, आणि विक्रम-वेताळ घराघरांत आपले झाले. परक्या घरचं असूनही मराठी बोलतं, ते मुलाला परकं वाटत नाही. इथल्या कार्टूनांची वाट बघत बसण्यापेक्षा बाहेरची चांगली कार्टून चांगल्या मराठीत आणणं हाही रस्ता आहे. ज्यांना ‘अस्सल मराठी मातीतलं’च हवं, त्यांनी ते करून दाखवावं. मी पहिला बघीन.

आपल्या मराठी वाहिन्यांनी मुलांना जागाच दिली नाही असं नाही. दिली ना, रंगमंचावर. झी मराठीवर लिटल चॅम्प्स या गाण्याच्या स्पर्धेचं ते गाजलेलं पर्व २००९ च्या फेब्रुवारीत संपलं, आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली, सगळा महाराष्ट्र आणि आम्हीही टीव्हीसमोर बसलो होतो. अंतिम फेरीतली पाचही मुलं गुणी. पण तो कार्यक्रम मुलांसाठी होता का? मुलं गात होती, आणि आजी-आजोबा डोळे टिपत होते. तिथपासून मराठी टीव्हीवर मूल म्हणजे मोठ्यांचं मन रिझवणारं पात्र. ते गातं, नाचतं, मोठ्यांसारखे विनोद करतं. मूल प्रेक्षक म्हणून समोर बसलंय आणि त्याच्याशी कुणी बोलतंय, हे मराठी पडद्यावर दुर्मीळच.

विरोधकांची एक गोष्ट मी मान्य करतो. आज मोबाईलवर जे चालतं त्याला धनी नाही. दूरदर्शनवर काय दाखवायचं ते कुणीतरी बसून ठरवायचं, त्याला पत्र लिहून शिव्या घालता यायच्या. आता एक चित्रफीत संपली की पुढची कोणती लागायची ते यंत्र ठरवतं, आणि त्याला मुलाचं भलं कळत नाही, मूल किती वेळ खिळून राहिलं तेवढंच कळतं. २०१९ मध्ये अमेरिकेत मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केली म्हणून गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले, ते उगाच नाही. ही चिंता खरी आहे. पण त्यावर उतारा म्हणून ‘आमचा मोगली बघा’ हे सांगणं म्हणजे पळवाट झाली. आणि तिथंही गंमत बघा. आमच्या गावातल्या दोन-तीन वर्षांच्या पोरांना मोबाईलवर मराठी बडबडगीतं ऐकवली जातात, त्यांतली बरीचशी बनतात इन्फोबेल्स नावाच्या कंपनीत. ही कंपनी कुठली? बंगळूरची. ज्या राजधानीशी आमचं सत्तर वर्षांचं भांडण, तिथं बसून कुणीतरी आमच्या पोरांना मराठी गाणी पुरवतंय, कारण त्यात त्याला धंदा दिसला. पुण्या-मुंबईला तो अजून दिसायचाय.

मराठीत जमत नाही हेही खोटं. करोनाच्या टाळेबंदीत शाळा बंद होत्या. जुलै २०२० मध्ये एमकेसीएल नॉलेज फाउंडेशननं ‘टिलीमिली’ ही मालिका दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर आणली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, पुस्तकातले धडे घरात करून बघायच्या कृतींतून. ना कार्टून, ना झगमगाट. घरातली माणसं आणि मुलं पडद्यावर शिकत होती. आमच्याकडच्या मराठी शाळांतल्या काही शिक्षकांनी स्वतःहून पालकांना वेळा कळवल्या, कारण सह्याद्री डिशवर कडोलीतही दिसते. अभ्यासक्रम महाराष्ट्राचा, तरी मुलं बघत होती. शाळा उघडल्या आणि सगळे ते विसरले. संकटात जे काही महिन्यांत उभं राहतं, ते एरवी का राहू नये, हा प्रश्न सह्याद्रीला कुणी विचारला?

म्हणून माझं मागणं अगदी साधं आहे, आणि ते मी आमच्याच लोकांपुढे ठेवतो. दर जानेवारीत कडोलीत साहित्य संमेलन भरतं. परिसंवाद होतात, कविसंमेलन होतं, सीमाप्रश्नावर बोललं जातं. येत्या संमेलनात आणखी एक ठराव मांडा: सह्याद्री वाहिनीनं रोज संध्याकाळी एक तास बारा वर्षांखालच्या मुलांसाठी मराठीत ठेवावा, बाहेरची चांगली कार्टून मराठीत डब करून आणि आपली नवी करवून. ठराव दिल्लीला प्रसार भारतीकडे जाऊ दे, मुंबईला सांस्कृतिक कार्य विभागाकडे जाऊ दे, आणि सीमाभागातल्या प्रत्येक संमेलनात तो पुन्हा मांडला जाऊ दे. सूचक म्हणून माझं नाव घाला. अनुमोदक तुमच्यातला कुणीही चालेल, फक्त त्यानं त्या दिवशी मोगलीच्या आठवणी सांगू नयेत.